दहा सेकंदांची लाट

सोमवार, २ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचे. सामान थोडकंच: चार खोकी, बाबांची आरामखुर्ची आणि माझा शब्दकोश. तो उचलताना टेम्पोवाल्याने आत विटा आहेत का, असं विचारलं. चर्चच्या मागच्या बाजूला आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. पूर्वेला खिडकी, नळाला भरपूर पाणी, भिंतींना नवा रंग. स्वयंपाकघराच्या दारातून सात पावलं टाकली की चर्चचा बाजूचा दरवाजा. म्हणजे कामावर असतानाही बाबांवर लक्ष राहील. याच एका कारणासाठी मी ही नोकरी घेतली. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी स्वतःलाच काहीतरी उदात्त कारण सांगायला लागेन.

एकोणीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. तो बंद पडला. इथल्या पाळकांना भिंतीवर दाखवायच्या गीतांच्या ओळी टाइप करणारं आणि उपासनेच्या वेळी त्या पुढे सरकवणारं माणूस हवं होतं, शुद्धलेखन चांगलं असणारं. मागच्या ऑपरेटरच्या चुका मंडळी जशाच्या तशा गातात, म्हणाले. देव समजून घेतो, पण मला फार लाज वाटते, असंही म्हणाले. मला हसू आलं, आणि त्यांनाही आलं. चांगला माणूस वाटला.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. चाळीस वर्षं पोस्टमन होते, त्यामुळे डोक्यातून गोष्टी निसटल्या तरी पाय थांबत नाहीत. दार उघडं दिसलं की निघालेच. दादाने फोनवर विचारलं, बाबांनी नवं घर पाहिलं का. म्हटलं, पाहिलं, तीनदा, आणि तिन्ही वेळा त्यांना ते आवडलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काम शिकते आहे. शिकवणाऱ्या आहेत पियानोबाई. त्यांना सगळे असंच म्हणतात. सत्तरीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, जीभ धारदार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की पुस्तकं तपासणाऱ्या बाईला घेतलंय म्हणजे आता देवाच्याही चुका निघणार.

गीतांची पुस्तकं इथे आता कोणाकडेच नाहीत. सगळं समोरच्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर. प्रोजेक्टर छताला टांगलेला, आणि मागच्या भिंतीला लागून माझं टेबल. भिंतीवर ओळी पांढऱ्या अक्षरांत आणि त्यांच्या मागे हलतं चित्र: ढग, वाऱ्यावरचं गवत, मेणबत्तीची ज्योत, समुद्राची लाट. प्रत्येक चित्रफीत दहा सेकंदांची, पुन्हा पुन्हा फिरणारी. जोड कुठे आहे ते कळता कामा नये. मी अर्धा तास लाटेचा जोड शोधत बसले आणि हरले. मुद्रितात असं कधी झालं नव्हतं.

पियानोबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. आधीची ओळ संपण्यापूर्वी पुढची भिंतीवर यायलाच हवी. आणि उपासना संपल्यावर चित्र एकदम बंद करायचं नाही, हळूहळू अंधारं करत न्यायचं. तासाभराच्या उपासनेला तीन मिनिटं. याला त्या ‘उतरवणं’ म्हणतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, लोकांना कोणी जिन्यावरून ढकलून देतं का?

रविवार, ८ सप्टेंबर

पहिली उपासना. तिसऱ्या गीतात एक ओळ सरकवायला उशीर झाला आणि साठ माणसं शब्दाच्या मध्यावर थांबली. कोणालाच पुढचं येत नव्हतं. पियानोबाईंनी तेवढाच तुकडा दोनदा वाजवून मला सांभाळून घेतलं, आणि नंतर ऐकवलंही.

मी श्रद्धाळू नाही, म्हणजे असायला हवी तितकी नाही. पण आज काहीतरी हललं आत. मागून मला सगळ्यांच्या पाठी दिसतात. लाट वर चढली की साठ जोड खांदे वर उचलले जायचे, लाट ओसरली की खाली. एकत्र. गवतावर वारा जावा तसे. पाळकांना सांगितलं तर चेहरा उजळला त्यांचा. पूर्वी या मंडळीत पंख्याखाली कोण बसणार यावरून भांडणं व्हायची, म्हणाले. आता आम्ही एका श्वासाने भक्ती करतो.

बुधवार, ११ सप्टेंबर

उपाय सापडला!

सोमवारी चित्रफिती तपासताना बाबांना पहिल्या बाकावर बसवलं, केवळ नजरेसमोर असावेत म्हणून. भिंतीवर लाट होती. पाच तास बसले. उठले नाहीत, दार चाचपलं नाही, कुठे जायचंय असं विचारलं नाही. काल तेच, आज तेच. गेल्या दोन वर्षांत मी सलग पाच तास काम केलेलं नाही. आज चहा गरम असताना प्यायले.

आता मी त्यांना भिंतीसमोर बसवून मोकळी होते आहे का? लहान मुलाला टीव्हीपुढे बसवणाऱ्या आयांना मी किती नावं ठेवली आहेत. पण त्यांचा चेहरा बघितला तर निवांत दिसतो. तो निवांतपणा त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी, याचं उत्तर आज नको.

शुक्रवार, २० सप्टेंबर

नऊ दिवस लिहिलं नाही. बरं चाललं की वहीची आठवण होत नाही, हे खरं.

दोन बारीक गोष्टी. मी दुपारी काम संपवून प्रोजेक्टरचं बटण दाबते, तेव्हा बाबांना उठायला वेळ लागतो. आधी हाक मारली की उठायचे, आता खांद्याला धरून हलवावं लागतं. काल तर चांगला मिनिटभर गेला, मग दम खाल्ल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि उठले.

दुसरं, ते झोपलेले असताना मी घड्याळ लावून श्वास मोजले. का मोजले, ते सांगता येणार नाही. चार सेकंद आत, सहा बाहेर. दर वेळी. दादाला सांगितलं तर म्हणाला, तुला चुका सापडेनात म्हणून आता बाबांचा श्वास तपासायला घेतलास का? त्यांना गाढ झोप लागते म्हणून खूश व्हायचं सोडून तू फोन करत बसतेस.

असेल तसं.

रविवार, २२ सप्टेंबर

आज चित्र अडकलं.

दुसरं गीत चालू होतं. लाट अर्ध्यावर चढली आणि थांबली, कॉम्प्युटर गोठला. गाणं थांबलं, मागोमाग पियानोही. मी बटणं दाबत होते, माउस आपटत होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की चर्चमध्ये काहीही ऐकू येत नाही. खोकला नाही, कुजबुज नाही, बाक करकरत नाही. साठ जोड खांदे अर्धवट उचललेले. खाली येत नव्हते. कोपऱ्यातल्या एका माणसाचा कान मला मागून दिसत होता, तो लाल झाला, मग जांभळट.

चाळीस सेकंद. घड्याळात बघितलं म्हणून सांगते, मला ती तासभर वाटली. लाट सुटली, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग पुढच्या ओळीपासून गायला लागले, काही झालंच नाही असे.

दारात पाळक म्हणाले की आज छान झाली उपासना. ते उपहासाने म्हणत नव्हते.

बाबाही पहिल्या बाकावर होते. त्यांचे खांदे मी बघितले नाहीत. बघायला हवे होते.

सोमवार, २३ सप्टेंबर

पियानोबाईंच्या घरी गेले. आधी त्यांनी उडवून लावलं, मग पाणी दिलं, मग सांगितलं. मोठ्या भिंतीवर, नजर भरून टाकणारं चित्र तासभर बघितलं की श्वास त्याच्या मागे जातो. तो माणसाकडे परत यायला वेळ लागतो, म्हणून उतरवायचं. त्यांचा पियानो भिंतीकडे पाठ करून आहे आणि गीतं त्यांना पाठ आहेत, म्हणून त्या वाचल्या. त्यांना लोक गर्विष्ठ म्हणतात. म्हणू देत.

मी विचारलं, पाच तास बघितलं तर? त्या म्हणाल्या, पाच तास कोण बघणार?

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, तू उतरवत होतीस ना, पोरी?

नाही. उपासना नव्हती ना. नुसती तपासणी होती. बटण दाबत होते.

आता थोडं थोडं उतरवत जा, म्हणाल्या. एका दिवसात तोडू नकोस. म्हणून आजही अर्धा दिवस बसवलं, पंधरा मिनिटं उतरवलं. मिनिटभर हलले नाहीत, मग उठले. उद्या जास्त वेळ देईन.

मंगळवार, २४ सप्टेंबर

उतरवलं. अर्धा तास लावला. भिंत काळी झाली. बाबांनी श्वास घेतला नाही.

वाट बघितली. हाक मारली. हलवलं, पाठीवर थोपटलं, शेवटी थोबाडीत मारली. बापाच्या थोबाडीत मारली. ओठ निळे पडत होते. डोळे भिंतीवर. धावत टेबलाकडे गेले, लाट लावली. लाट चढली आणि त्यांची छाती चढली.

दुपारी पुन्हा. चित्र चालूच ठेवलं आणि त्यांना हाताला धरून दाराकडे नेलं. आठ पावलं. नवव्याला मान वळेना, पाठ भिंतीकडे झाली, आणि गुडघे गेले. ओढत मागे आणलं. मोबाईलवर लाट दाखवली, लॅपटॉपवर दाखवली. छोटी आहे, चालत नाही. भिंत हवी.

म्हणजे आता आम्ही इथेच. पहिल्या बाकावर मी त्यांच्या शेजारी. मी शिकवलं त्यांना हे. माझा चहा गरम राहावा म्हणून.

बुधवार, २५ सप्टेंबर

डॉक्टरांना इथेच बोलावलं. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले की यांचा श्वास माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हाताऱ्या माणसांना एखाद्या जागेचा लळा लागतो, जबरदस्ती केली की घाबरून श्वास धरून ठेवतात. लहान मुलं नाही का करत. बोलता बोलता बाकावर टेकले. भिंतीकडे बघत राहिले. मी त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होते. चार आत, सहा बाहेर. फी हातात कोंबून मी त्यांना अक्षरशः बाहेर ढकललं. रागावून गेले.

रागावलेला श्वास किती अनियमित असतो. हेवा वाटला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पाळक आले. मी सगळं सांगितलं, रडून सांगितलं. त्यांनी गादी आणून दिली, उशी, माझ्यासाठी डबा, बाबांच्या गुडघ्यांवर स्वतः पांघरूण घातलं. म्हणाले, यांना शांती मिळाली आहे. मी विचारलं, रविवारी काय करायचं? उपासना संपली की साठ माणसांसाठी भिंत काळी करावी लागणार. काळी केली तर बाबा मरतील.

ते जरा वेळ भिंतीकडे बघत बसले. मग अगदी मायेने म्हणाले की मग नको करूया काळी. ज्याला बसायचं तो बसेल. घरी जाऊन तरी लोक काय करतात? भांडतातच ना.

उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता. तो दहा सेकंदांत वर-खाली होत होता.

साठ माणसं. त्यांत चार पाळण्यातली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

रविवारच्या आत बाबांना सोडवायलाच हवं. दुसरा मार्ग नाही.

हिशेब मांडला. तपासणीचे चौदा दिवस, रोज जवळपास पाच तास: सत्तर. मंगळवारपासून उद्या सकाळपर्यंत अखंड: नव्वद धरू. एकशे साठ तास. तासाला तीन मिनिटं, म्हणजे आठ तास. मंगळवारचा अर्धा तास कसा पुरणार होता! मी आजच्या दिवसाचाच विचार केला, मागची बाकी धरलीच नाही. पियानोबाईंना फोन केला. आठ तास कोणी उतरवलेलं नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण गणित बरोबर आहे. दादाला कळवलं. तो या वेळी थट्टा करायला विसरला.

प्रोजेक्टरच्या रिमोटवर उजेडाच्या शंभर पायऱ्या आहेत. दर पाच मिनिटांनी एक उतरायची. पाचशे मिनिटं, थोडं जास्तच. मशीनवर सोडून जमणार नाही, बाबांची छाती बघत बघत उतरावं लागेल. बाकावरूनच करीन, वही मांडीवर. टॅक्सी साडेतीनला सांगितली आहे. पियानोबाई पाळकांना दिवसभर स्वतःच्या घरी गुंतवून ठेवणार आहेत, गीतांची निवड करायच्या बहाण्याने. माझ्यासारखी भांडकुदळ बाई समोर असल्यावर माणूस उठतोच कुठे, म्हणाल्या.

शनिवार, २८ सप्टेंबर

सकाळी ७. सुरुवात. शंभर.

९.०५. पंचाहत्तर. लाटेचा फेस आता करडा दिसतो. बाबा तसेच. चार आत, सहा बाहेर.

११.१०. पन्नास. मध्येच एकदा खोकले! लाटेच्या अध्येमध्ये. त्यांचा स्वतःचा खोकला. देवा, तू असशील तर हा खोकला तुझा.

१२.४०. बत्तीस. चार, सहा. चार, पाच. पुन्हा चार, सहा. मला घाई करायची नाही. हात बटणाकडे जातो आणि मी तो मांडीखाली दाबून बसते. हे माझ्या हातून सुटलं, माझ्याच हातून परत यायला हवं — पण हाही एक गर्वच का?

१.५०. अठरा. लाट नुसती सावली. तिला बघायला डोळे ताणावे लागतात. बाबांनी नाक खाजवलं. तीन आत. पाच. मग दोन, घाईघाईने. वेडावाकडा श्वास. इतकं सुंदर काही मी ऐकलेलं नाही.

२.४५. सात. बाबांनी माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही — माझ्याकडे. विचारलं, इथे इतका अंधार का केलाय, बिल भरलं नाही का.

३.१०. दोन. नीट मोजलं आहे सगळं. पुन्हा पुन्हा तपासलं आहे. कुठे चूक नाही.

३.२०. भिंत काळी. बाबा श्वास घेत आहेत. एक. दोन. तीन. पाच. नऊ झाले. भिंत काळी आणि बाबा श्वास घेत आहेत.

उठले. स्वतः उठले. बाकाला धरून दाराकडे निघाले. बाजूच्या दाराच्या फटीतून ऊन येतंय, त्यात वही दिसते आहे. म्हणणार होते, बाबा, पुढे व्हा, मी आलेच —

आवाज आला नाही.

आवाजाला हवा लागते.

छाती हलत नाही. ओढते आहे, येत नाही. चार दिवस मी त्यांच्याच शेजारी — त्यांचे तास मांडले, माझे नाही — माझेही नव्वद, आणि आठ सबंध, एकटक, डोळे ताणून — पण ते उतरले आणि मी —

का नाही? म्हणजे मी उतरत नव्हते. त्यांनी लाट सोडली, आणि ती विझत गेली तशी मी डोळे ताणून आणखी घट्ट धरून —

रिमोट हातात आहे. दाबला की भिंत उजळेल. उजळली की ते वळून बघतील आणि पुन्हा अडकतील. बघतीलच.

दारापर्यंत पोहोचले. दार उघडलं. ऊन. आता बाहेर पडा. बाहेर पडा म्हणजे मी दाबते. मिनिटभर धरवेल. जा ना बाबा. चाळीस वर्षं कधी थांबला नाहीत —

उंबऱ्यावर उभे. वाट बघताहेत माझी. हाक मारताहेत, लहानपणी मारायचे तशी. हात पुढे केलाय.

मी मानेने जा म्हटलं. जात नाहीत. माझ्याशिवाय जात ना

डोळ्यांपुढे काळं — भिंतच काळी की —

एक पाऊल टाका बाबा एकच पाऊल पाठ फिरवून फक्त ए